इन्शुलिन आणि आयोडीन : दोन शोधांची वाटचाल



ज्याचे उभे आयुष्य कारखान्यांच्या फाटकांपुढे बोलण्यात गेले, त्याने व्याख्यानमालेत येऊन वैद्यकाचा इतिहास सांगावा, हा अनेकांना उपद्व्याप वाटेल. आम्ही वैद्य नाही, पदवीधरही नाही. जे वाचले ते संघटनेच्या कचेरीत, रात्री, गरज पडली म्हणून वाचले. ती गरज कशी पडली हे आधी सांगितले, म्हणजे आजचा विषय आम्ही का निवडला हे आपोआप कळेल.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कारखान्यातील लेथवरचा एक कामगार पाळी संपता संपता यंत्राजवळ झोकांड्या खाऊ लागला. अंगाला घाम, हात थरथरत, जीभ जड. सुपरवायझरने विचारले तर उत्तर भलतेच. दुसऱ्या दिवशी आरोपपत्र आले : दारू पिऊन कामावर आला. त्याची बायको कचेरीत आली आणि म्हणाली, “भाऊ, माळकरी आहेत हो हे. थेंबाला शिवत नाहीत. घरी आणलं तेव्हा साखरपाणी पाजलं, आणि पाव तासात उठून बसले.”

हे शेवटचे वाक्य आमच्या कानात अडकून राहिले. साखरपाण्याने दारू उतरत नाही. मग उतरले ते काय? खोदून विचारल्यावर तो गृहस्थ खाली मान घालून बोलला. चार वर्षांपासून मधुमेह होता, सकाळी इन्शुलिन टोचून घेऊन तो कामावर येत असे. नोकरी जाईल या भीतीने त्याने कोणाला सांगितले नव्हते. त्या दिवशी बदली माणूस आला नाही म्हणून जेवणाची सुट्टी लांबली. टोचलेले इन्शुलिन आपले काम करीतच होते, पोटात मात्र काही नव्हते. रक्तातील साखर खाली गेली आणि माणूस दारू प्यायल्यासारखा दिसू लागला.

खातेचौकशीत हे पटवून द्यायचे तर ते आधी आम्हांला समजायला हवे होते. म्हणून आम्ही पुस्तके उघडली. चौकशी संपली, माणूस कामावर परत गेला, मधल्या सात महिन्यांचा पगार मात्र बुडाला. पण पुस्तके उघडली ती मिटली नाहीत. त्यांतून जे हाती लागले, त्यांतील दोन कहाण्या आज सांगावयाच्या आहेत : एक इन्शुलिनची, दुसरी आयोडीनची.

प्रथम या रोगांचे मूळ कोठे असते ते पाहू. शरीराचा कारभार दोन मार्गांनी चालतो. एक तारेचा मार्ग, म्हणजे मज्जातंतू. चटका बसला की हात मागे येतो, तो या मार्गाने. दुसरा टपालाचा मार्ग. शरीरात ठिकठिकाणी असलेल्या ग्रंथी आपले रस थेट रक्तात सोडतात, रक्त ते सर्वत्र नेते, आणि ज्या अवयवाच्या नावाचे ते पत्र असेल तो अवयव ते वाचून कामाला लागतो. १९०२ साली लंडनमध्ये बेलिस आणि स्टार्लिंग या दोघा शास्त्रज्ञांनी आतड्यातून निघणारा असा एक रस दाखवून दिला, आणि १९०५ साली स्टार्लिंग यांनी अशा रसांना ‘हॉर्मोन’ हे नाव दिले. मराठीत संप्रेरक हा शब्द त्यास रूढ झाला. पत्र कमी आले, जादा आले, किंवा आलेले पत्र वाचलेच गेले नाही, तर जो घोटाळा होतो, तोच या साऱ्या रोगांचा गाभा होय.

मधुमेहात घोटाळा होतो तो इन्शुलिनच्या पत्राचा. स्वादुपिंडातून निघणारे इन्शुलिन पेशींना सांगते की रक्तातील साखर आत घ्या आणि कामाला लावा. ते नसेल, तर साखर रक्तात साठते, लघवीवाटे वाहून जाते, आणि भरल्या कोठारापुढे बसून माणूस उपाशी मरतो.

हा रोग आपल्या पूर्वजांना ठाऊक होता. चरक आणि सुश्रुत या दोन्ही संहितांत प्रमेहाचे वीस प्रकार सांगितले असून मधुमेह त्यांतील एक आहे. लघवीला मुंग्या लागतात, ही खूण त्यांनी टिपली. एवढेच नव्हे, तर जन्मजात प्रवृत्तीने होणारा, कृश माणसाचा प्रमेह वेगळा, आणि अपथ्याने होणारा, स्थूल माणसाचा वेगळा, असा भेदही सुश्रुताने केला. हा भेद आधुनिक वैद्यकात पक्का व्हायला १९३६ साल उजाडावे लागले. त्या वर्षी लंडनचे हॅरल्ड हिम्सवर्थ यांनी इन्शुलिनला दाद देणारे रुग्ण आणि न देणारे रुग्ण असे दोन गट दाखविले. पूर्वजांच्या या निरीक्षणाचा अभिमान जरूर बाळगावा. पण निरीक्षण आणि उपाय यांत अंतर असते, आणि ते अंतर ओलांडण्यास दोन हजार वर्षांच्या आसपास काळ लागला, हेही विसरू नये.

ते अंतर एकाच माणसाने एका उडीत ओलांडले नाही. १७७६ साली इंग्लंडमध्ये मॅथ्यू डॉब्सन यांनी लघवीतील गोडी ही साखरच आहे, आणि ती रक्तातही असते, हे दाखविले. १८६९ साली बर्लिनमधील पाउल लांगरहान्स या विद्यार्थ्याला स्वादुपिंडात पेशींची लहान लहान बेटे दिसली. ती कशासाठी आहेत हे त्याला कळले नाही. १८८९ साली स्ट्रासबुर्ग येथे मिन्कोव्हस्की आणि फॉन मेरिंग यांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, आणि त्या कुत्र्याला मधुमेह झाला. चोर कोणत्या घरात आहे हे कळले. आता घरातील कोणत्या खोलीत, आणि त्याला बाहेर कसे काढायचे, एवढाच प्रश्न उरला. पण तेवढ्यासाठी पुढची तीस वर्षे गेली. कारण स्वादुपिंड वाटून अर्क काढू गेले, की त्याच पिंडातील पाचकरस अर्काचे वाटोळे करीत असत, आणि जो अर्क हाती येई तो इतका अशुद्ध असे, की टोचल्यास अपाय होई.

तोवर रुग्णांचे काय होत होते? लहान मुलाला मधुमेह झाला की तो वर्षा-दोन वर्षांत जाणार, हे ठरलेले. अमेरिकेतील फ्रेडरिक ॲलन या डॉक्टरांनी उपासाचा उपचार काढला : अन्न इतके कमी द्यावयाचे की साखर वाढूच नये. त्याने काही मुले आणखी काही महिने, कधी काही वर्षे जगली. पण कशी? हाडांचा सापळा होऊन. जगायचे असेल तर उपाशी रहा, असे पोटच्या पोराला सांगण्याची पाळी आईबापांवर आली होती.

अशा वेळी कॅनडातील फ्रेडरिक बँटिंग हा एकोणतीस वर्षांचा डॉक्टर पुढे आला. पहिल्या महायुद्धातून परतलेला, व्यवसाय न चालणारा. १९२० च्या ऑक्टोबरमध्ये त्याला एक कल्पना सुचली, आणि टोरांटो विद्यापीठात प्राध्यापक मॅक्लिऑड यांच्याकडे त्याने प्रयोगशाळा मागितली. १९२१ च्या मे महिन्यात काम सुरू झाले. मदतीला चार्ल्स बेस्ट हा तरुण विद्यार्थी. उन्हाळाभर दोघांनी पगाराविना काम केले. अनेक कुत्री दगावली, पण अर्काने रक्तातील साखर उतरते हे दिसू लागले. डिसेंबरमध्ये जेम्स कॉलिप हे रसायनशास्त्रज्ञ येऊन मिळाले. अर्क शुद्ध करण्याचे काम त्यांचे.

११ जानेवारी १९२२ रोजी टोरांटोच्या सार्वजनिक रुग्णालयात लेनर्ड थॉम्पसन या चौदा वर्षांच्या मुलाला पहिले इंजेक्शन दिले. त्याचे वजन उणेपुरे २९ किलो होते. अर्क अशुद्ध होता. साखर थोडी उतरली आणि टोचलेल्या जागी गळू झाले. प्रयोग थांबविला. कॉलिप रात्रंदिवस खपले, आणि २३ जानेवारीस सुधारलेला अर्क दिला गेला. या वेळी साखर उतरली आणि मुलगा उठून बसला. पुढे तो १९३५ पर्यंत जगला. लक्षात ठेवावे, की हा मुलगा सामान्य घरातला, सार्वजनिक वॉर्डातला रुग्ण होता. नव्या औषधाची जोखीम प्रथम अशाच अंगावर पडते.

पण पुढचा अंकही पाहिला पाहिजे. त्याच वसंत ऋतूत एक विचित्र आपत्ती आली : अर्क जमेनासा झाला. थोड्या प्रमाणात जे साधले होते, ते मोठ्या प्रमाणात करताना बिघडू लागले. काही महिने औषध ठाऊक होते, पण हातात नव्हते. कत्तलखान्यांतून येणारी गुरांची आणि डुकरांची स्वादुपिंडे, मद्यार्क, मोठी भांडी, कुशल हात, हे सारे जुळून आले तेव्हाच इन्शुलिन बाटलीत उतरले. शोधाचा जयजयकार करताना आपण प्रयोगशाळेकडे पाहतो. आम्हांस मात्र त्या बाटलीमागे कत्तलखान्यातले आणि कारखान्यातले ते अनाम कामगारही दिसतात. त्यांच्यावाचून हा शोध कागदावरच राहिला असता.

टंचाईच्या त्याच काळात, १९२२ च्या ऑगस्टमध्ये, एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी टोरांटोस आली. वजन सुमारे २० किलो. तिचे वडील अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री होते. तिला औषध मिळाले, आणि ती १९८१ पर्यंत, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षापर्यंत जगली. ती जगली याचा आनंदच आहे. पण ज्यांचे वडील मंत्री नव्हते, आणि ज्यांचे नाव त्या चार-सहा महिन्यांत कोणाच्या यादीत लागले नाही, त्यांची नावे इतिहासात नाहीत. औषध तुटपुंजे असते तेव्हा रांग कोठून सुरू होते, हा प्रश्न इन्शुलिनच्या जन्माबरोबरच जन्मला.

१९२३ सालचे नोबेल पारितोषिक बँटिंग आणि मॅक्लिऑड यांना मिळाले. बेस्टला वगळले म्हणून बँटिंग भडकले आणि त्यांनी आपली निम्मी रक्कम बेस्टला दिली. मॅक्लिऑड यांनी आपली निम्मी कॉलिपना दिली. रुमानियातील निकोलाय पाउलेस्कू यांनी १९२१ सालीच असा अर्क प्रसिद्ध केला होता. त्यांच्या वाट्यास काहीच आले नाही. श्रेयाचे भांडण आमच्या संघटनांतही असते, त्यामुळे मोठ्यांच्या भांडणाने आम्ही दचकलो नाही. पण याच भांडकुदळ माणसांनी एक काम एकमताने केले. बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी इन्शुलिनच्या पेटंटचे हक्क टोरांटो विद्यापीठाला विकले, ते एकेका डॉलरला. हेतू हा, की कोणा एकाने हे औषध अडवून धरू नये.

त्या एका डॉलरचे पुढे काय झाले? इन्शुलिन सुधारत गेले. १९५५ पर्यंत फ्रेडरिक सँगर यांनी इन्शुलिनच्या ५१ घटकांची साखळी कडीनकडी उलगडली. १९६९ साली डोरोथी हॉजकिन यांनी त्याची घडण दाखविली. १९८२ साली जंतूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्शुलिन बाजारात आले आणि जनावरांच्या पिंडांची गरज सरत गेली. मात्र प्रत्येक सुधारणेबरोबर नवे पेटंट आले आणि जगाचा बहुतेक धंदा तीन कंपन्यांच्या हाती एकवटला. जगातील सर्वांत श्रीमंत देशात, अमेरिकेत, एका विद्यापीठाच्या मधुमेह केंद्रातील रुग्णांची पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तीत चारांपैकी एक रुग्ण परवडत नाही म्हणून इन्शुलिन कमी टोचून घेत होता. तेथील सरकारने वृद्धांच्या विमायोजनेत महिन्याला ३५ डॉलरची मर्यादा घातली ती २०२३ सालापासून, म्हणजे एका डॉलरच्या त्या व्यवहारानंतर बरोबर शंभर वर्षांनी. आपल्याकडे मानवी इन्शुलिन अत्यावश्यक औषधांच्या यादीत असून त्याच्या किमतीवर सरकारी नियंत्रण आहे. ते नियंत्रण टिकविणे हे केवळ डॉक्टरांचे काम नव्हे.

आता दुसरी कहाणी. गळ्याच्या पुढच्या भागात फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. शरीराची भट्टी किती पेटवायची हे तिचे संप्रेरक ठरविते. ते कमी पडले, की माणूस मंदावतो : थकवा, थंडी सोसेनाशी होणे, वजन वाढणे, त्वचा कोरडी, चेहरा सुजरा, बुद्धी जड. जादा झाले, की उलटे : छातीत धडधड, हात थरथरणे, भूक असून वजन घटणे, कधी डोळे पुढे येणे. हे दुसरे चित्र डब्लिनच्या रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनी १८३५ साली रेखाटले. पहिले १८७३ साली लंडनच्या विल्यम गल यांनी. दोन्हींत एक साम्य आहे. रोग्याला लोक रोगी म्हणत नाहीत. एकाला आळशी म्हणतात, दुसऱ्याला तापट.

ही ग्रंथी कशासाठी आहे हे कळण्यास एक चूक कारणी लागली. स्वित्झर्लंडमधील थिओडोर कोखर हे गलगंडाच्या शस्त्रक्रियेत निष्णात. ते सबंध ग्रंथी काढून टाकीत. पुढे जुने रुग्ण बोलावून तपासले, तेव्हा त्यांतील पुष्कळ जण सुजलेले, मंद, खुरटलेले दिसले. १८८३ साली कोखर यांनी हे भर सभेत सांगितले आणि सबंध ग्रंथी काढणे सोडले. १९०९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांच्या हस्तकौशल्यापेक्षा आपली चूक स्वतः मोजून चारचौघांत मांडण्याचे त्यांचे धैर्य आम्हांला मोठे वाटते.

१८९१ साली इंग्लंडमधील न्यूकॅसल येथे जॉर्ज मरे या तरुण डॉक्टराने मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका मंदावलेल्या स्त्रीला टोचला. ती सुधारली आणि आणखी २८ वर्षे जगली. तेवढ्या काळात तिच्यासाठी आठशेहून अधिक मेंढ्यांच्या ग्रंथी लागल्या. या दोन वर्षे आधी पॅरिसमध्ये ब्राउन-सेकार या बहात्तर वर्षांच्या नामांकित शास्त्रज्ञाने जनावरांच्या वृषणांचा अर्क स्वतःला टोचून ‘मी पुन्हा तरुण झालो’ असे जाहीर केले होते, आणि त्या अर्काचा बाजारही तेजीत आला होता. त्यात काही तथ्य नव्हते. दोन अर्क, दोन दावे, जवळजवळ एकच काळ. फरक कशाने ठरला? मरेचा रुग्ण वर्षानुवर्षे लोकांच्या डोळ्यांपुढे होता, आणि तोच उपाय इतरांनी केला तरी तोच गुण येत होता. चौकातील खांबावर ‘मधुमेह मुळासकट बरा’ अशी पाटी दिसली, की हा फरक आठवावा. अशा जाहिरातींना १९५४ च्या कायद्याने बंदी आहे, तरी पाट्या आहेतच.

पण थायरॉइडच्या कहाणीचा गाभा अर्कात नाही, मिठात आहे. ग्रंथीला आपले संप्रेरक बनविण्यास आयोडीन लागते. मोठ्या माणसाला दिवसाला १५० मायक्रोग्रॅम. सारे आयुष्य मिळून एक चहाचा चमचा भरेल न भरेल इतके. हे आयोडीन १८११ साली बर्नार कुर्तुआ याला समुद्रशैवालाच्या राखेत सापडले. नेपोलियनच्या युद्धांसाठी तो सुरुंगाच्या दारूचा सोरा बनवीत होता. १८२० साली जिनिव्हाच्या क्वांदे यांनी ते गलगंडावर वापरले. डोंगराळ मुलखात पाऊस आणि बर्फ मातीतील आयोडीन धुऊन नेतात. तेथील धान्यात ते नाही, पाण्यात नाही, म्हणून ग्रंथी फुगते. गळ्याची गाठ नुसती दिसते. खरा घात गर्भात होतो. आईला आयोडीन कमी पडले तर मूल मतिमंद, मुकेबहिरे, खुरटे जन्मू शकते.

उपाय सापडला तो स्वस्तात स्वस्त : रोजच्या मिठात आयोडीन. १९२२ साली स्वित्झर्लंडच्या अपेनझेल प्रांतात हान्स एगेनबर्गर या डॉक्टरांनी लोकांच्या सह्या गोळा करून असे मीठ विकण्याची मागणी सरकारपुढे ठेवली आणि ती मान्य करून घेतली. इन्शुलिनचे पहिले इंजेक्शनही त्याच वर्षातले. तेथे एका मुलासाठी बाटली, येथे सबंध प्रांतासाठी मीठ. एका औषधाला टोचणारा हात लागला, दुसऱ्याला सह्यांचा कागद.

आपल्या देशात हे काम हिमाचलातील कांगडा खोऱ्यात झाले. १९५६ पासून डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख वस्तीचा मुलूख तीन भागांत वाटला. दोन भागांना आयोडीनयुक्त मीठ, मधल्या भागाला साधे. पाच-सहा वर्षांत आयोडीनच्या दोन्ही भागांतील गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले. साध्या मिठाच्या भागात ते होते तेथेच राहिले. त्यानंतर त्या भागालाही आयोडीनचे मीठ देण्यात आले. या पुराव्यावर १९६२ साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. साध्या मिठावर थांबलेल्या त्या माणसांचेही या पुराव्यात देणे आहे. देशातील प्रत्येक घराने ते मानले पाहिजे.

यापुढे मात्र गाडी रडतखडत चालली. रोग फक्त हिमालयाच्या पायथ्याचा, हा समज पुढील पाहण्यांनी खोटा ठरविला. पठारावर आणि किनाऱ्यावरही आयोडीनची उणीव आढळली. साऱ्या देशाला आयोडीनचे मीठ देण्याचे धोरण ठरले १९८३ साली. साध्या खाण्याच्या मिठावर देशभर बंदी आली १९९८ साली, ती उठली २००० साली, आणि पुन्हा लागू झाली २००६ साली.

मध्येच बंदी का उठली, हे आम्ही टाळून पुढे जाणार नाही, कारण त्या भांडणात आमचेही मन दुभंगले होते. ज्या देशाने १९३० साली दांडीला आणि आपल्या कोकणात शिरोड्याला मिठासाठी कायदा मोडला, त्या देशात सरकारने माणसाला ‘हेच मीठ खा’ म्हणावे काय? लहान आगरवाल्याचे मीठ बेकायदा ठरवून पाकीटवाल्या मोठ्या कंपनीचे दुकान भरावे काय? हे प्रश्न विचारणारे सगळेच काही अज्ञानी नव्हते. मिठागरात पायांची सालटी काढणारा माणूस हा आमचाच माणूस. त्याची बाजू आम्ही त्या वेळी पोटतिडकीने मांडीत होतो.

पण कांगड्याचे आकडे वाचल्यावर आम्हांस आमचे म्हणणे अर्धवट वाटू लागले. साधे मीठ स्वस्त म्हणून विकत घेणारी बाई ही मिठागरवाल्याइतकीच आपली नाही काय? तिच्या पोटातल्या मुलाची बुद्धी कोणत्या भावाने विकायची? बंदी योग्य होती, चुकली ती रीत. मिठावर आयोडीनची फवारणी करणारी यंत्रे लहान उत्पादकांच्या सहकारी संस्थांना आधी द्यावयाची, आणि मग कायदा करावयाचा, हा सरळ मार्ग होता. तो घेतला नाही म्हणून गरिबाच्या दोन गटांत भांडण लागले. २०१८–१९ च्या देशव्यापी पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश घरांतील मिठात पुरेसे आयोडीन आढळले. म्हणजे उरलेला चौथा हिस्सा अजून वाट पाहतो आहे.

श्रोतेहो, हा इतिहास आपल्या घरापर्यंत आणून सोडतो आणि थांबतो. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे, आणि आणखी १३ कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या आठ शहरांच्या पाहणीत दर दहा प्रौढांमागे सुमारे एकाची थायरॉइड मंद आढळली. या आठांत मुंबई होती. मधुमेह हा लठ्ठ शेठजींचा रोग, ही समजूत आता टाकून दिली पाहिजे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गर्भवतींची पाहणी केली. तेथील बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. परंतु आपल्या बाळांत स्नायू कमी असूनही चरबी जवळजवळ तेवढीच. म्हणजे वरून रोड आणि आतून लठ्ठ. आईच्या पोटात असतानाच जो अर्धपोटी राहिला, त्याला पुढे शहरात बसून खायला मिळाले, की त्याचे शरीर तो भार पेलू शकत नाही. उपासमार आणि मधुमेह ही दोन टोके नसून एकाच दोरीची दोन गाठी आहेत.

यात आमच्या चळवळीचाही दोष आहे, तो कबूल करतो. आम्ही रात्रपाळीचा भत्ता रुपयांत मोजला. पाळ्या सतत बदलणाऱ्यांत मधुमेह थोडा अधिक आढळतो, असे अनेक पाहण्यांनी सांगितले असता, पाळी आणि शरीर यांचा हिशेब आम्ही मागण्यांत कधी घातला नाही. बोनस मिळाला की फाटकावर पेढे वाटले, कँटीनमध्ये काय शिजते हे पाहिले नाही. एका सभासद बाईला मुकादम ‘ढिली’ म्हणून रोज बोलतो, अशी तक्रार आली तेव्हा आम्ही मुकादमाशी भांडलो, पण बाई खरोखर का थकते हे विचारले नाही. ते विचारले तिच्या मुलीने. साध्या रक्तपरीक्षेत थायरॉइड मंद निघाली. रोज सकाळी एक लहानशी स्वस्त गोळी, आणि चार-सहा महिन्यांत बाई पूर्वीसारखी झाली. मुकादमापुढे आम्ही तिची लाज राखली असेल, आजार मात्र आम्हांलाही दिसला नाही.

या इतिहासातून आम्ही काय घेतले, ते सांगून आटोपते घेतो. पहिले, खूण ओळखावी. फार तहान, वारंवार लघवी, जखम लवकर न भरणे, कारणाशिवाय वजन घटणे किंवा वाढणे, सततचा थकवा, यांना स्वभाव किंवा नशीब म्हणू नये, रक्त तपासून घ्यावे. दुसरे, आजार लपवावा लागू नये. मधुमेह सांगितला तर नोकरी जाते, अशी जेथे भीती आहे तेथे इन्शुलिन स्वस्त होऊनही उपयोग नाही. आरंभी सांगितलेल्या कामगाराच्या खटल्यानंतर त्या कारखान्यात एक लहानसा नियम झाला : इन्शुलिन घेणाऱ्याची जेवणाची सुट्टी कोणत्याही कारणाने पुढे ढकलायची नाही. एका ओळीचा नियम, पण तो मिळवायला दोन बैठका लागल्या. तिसरे, शोध लागणे आणि शोध पोचणे या दोन वेगळ्या लढाया आहेत. पहिली प्रयोगशाळेत होते. दुसरी रेशनच्या दुकानात, औषधांच्या भावात, मिठाच्या पाकिटावर, कारखान्याच्या नियमांत होते, आणि ती तुमच्याआमच्यावाचून जिंकली जात नाही.

तो लेथवरचा गृहस्थ आता निवृत्त झाला आहे. आषाढीला जमेल तेवढे चालतो. खिशात तुळशीच्या माळेबरोबर खडीसाखरेची पुडी असते आणि एक कागद, त्यावर लिहिलेले : मला मधुमेह आहे, भोवळ आल्यास साखर द्यावी. जी गोष्ट त्याने चार वर्षे जिवाच्या भीतीने लपविली, ती आता तो स्वतःच्या हाताने लिहून जवळ बाळगतो. आमच्या इतक्या वर्षांच्या कामात मिळालेल्या करारपत्रांत या कागदाला आम्ही कमी लेखीत नाही.